बारा व्होल्टला कमी लेखू नका!

बालमित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारच्या काकूंकडे इन्व्हर्टर आहे का? असेल तर आज संध्याकाळी एक निरीक्षण करा. हात मात्र अजिबात लावायचा नाही, नुसतं लांबून बघायचं! इन्व्हर्टरपासून शेजारच्या मोठ्या बॅटरीपर्यंत दोन वायरी गेलेल्या दिसतील. एक लाल, एक काळी. चांगल्या तुमच्या करंगळीएवढ्या जाड. आता त्याच इन्व्हर्टरमधून घरातल्या दिव्यांकडे आणि पंख्यांकडे जाणारी वायर शोधा. ती केवढी? पेन्सिलीहूनही बारीक!

गंमत आहे की नाही? बॅटरी असते १२ व्होल्टची आणि पंख्याकडे जाणारी वीज २३० व्होल्टची. मग जाड वायर २३० व्होल्टला हवी आणि बारीक १२ व्होल्टला. इथे तर सगळा उलटा कारभार! इन्व्हर्टर बसवणाऱ्या काकांची चूक झाली म्हणावं, तर सगळ्यांच्याच घरी तसंच.

आमच्या कल्याण-डोंबिवलीत २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची गेली. रोज ठरलेल्या वेळी वीज जायची. त्या दिवसांबद्दल आई-बाबांना विचारा, भरपूर किस्से ऐकायला मिळतील. माझी डी.एड.ची कितीतरी पाठटाचणं मी मेणबत्तीच्या उजेडात लिहिली आहेत. त्याच काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. पण खरं सांगू? इतकी वर्षं ती जाड वायर समोर असूनही ती जाड का, असा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. तो विचारला माझ्या वर्गातल्या एका चौथीच्या मुलीने. तिचं नाव सांगत नाही, ती लाजेल.

तिच्या बाबांची वडापावची हातगाडी आहे. संध्याकाळी गाडीवर उजेड हवा म्हणून ते एक १२ व्होल्टची बॅटरी ठेवतात. तिच्यावर दोन एलईडी दिवे आणि एक छोटासा पंखा. मागच्या वर्षी एका संध्याकाळी ऐन गिऱ्हाइकांच्या गर्दीत गाडीखालून धूर यायला लागला. बॅटरीकडून वर जाणारी वायर लालबुंद झाली होती, तिच्यावरचं प्लॅस्टिक वितळून टपटप गळत होतं. गाडीला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाने पेट घेतला. जवळच उकळत्या तेलाची कढई! तिच्या बाबांनी प्रसंगावधान राखून कोरड्या फडक्याने बॅटरीचा चिमटा ओढून काढला, आधी शेगडी बंद केली आणि मग पेटता कागद खेचून पायाखाली विझवला. हाताला फोड आले, दोन दिवस गाडी बंद राहिली. जिवावरचं हातावर निभावलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गप्प गप्प होती. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, बारा व्होल्टला हात लावला तरी शॉक लागत नाही. बाबा नेहमी म्हणतात, ही वीज गरीब आहे. मग तिनं आग कशी लावली?"

किती नेमका प्रश्न! पुस्तकातलं एक वाक्य वाचून दाखवून भागणार नव्हतं. मी तिला म्हटलं, "उद्या सांगते हं." आणि संध्याकाळी थेट बाबांकडे गेले. माझे बाबा कल्याणला रेल्वेच्या विजेच्या खात्यात होते. उभी हयात त्यांनी लोकलच्या वरच्या तारांची देखभाल करण्यात घालवली. आता निवृत्त झालेत, पण विजेचा विषय निघाला की चहा गार झाला तरी त्यांचं बोलणं थांबत नाही.

मी सगळी हकीगत सांगितली. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "अगं, व्होल्ट बघून माणूस घाबरतो. पण वायर व्होल्टला घाबरत नाही. वायर घाबरते अँपिअरला."

मग त्यांनी मला समजावलं ते डबेवाल्यांचं उदाहरण देऊन. तुम्हीही ऐका. समजा, दर सेकंदाला ३६० डबे पुलावरून पलीकडे न्यायचे आहेत. प्रत्येक माणसाने १२ डबे उचलले, तर किती माणसं लागतील? ३६० भागिले १२, म्हणजे ३०. आणि प्रत्येकाने २३० डबे उचलले तर? दोन माणसं पुरून उरतील! (एकाच्या डोक्यावर २३० डबे राहणार नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण समजा!) आता सांगा, रुंद पूल कुणाला लागेल? ३० माणसांना की दोघांना?

एका माणसाच्या डोक्यावरचे डबे म्हणजे व्होल्ट. दर सेकंदाला पूल ओलांडणारी माणसं म्हणजे अँपिअर. पोचलेले एकूण डबे म्हणजे वॅट. आणि पुलाची रुंदी म्हणजे वायरची जाडी. आहे की नाही सोपं?

आता इन्व्हर्टरचं कोडं सोडवू या. घरात तीन पंखे चालू आहेत, प्रत्येकी ७५ वॅटचे. तीन जुन्या ट्यूबलाइट आहेत, प्रत्येकी ४० वॅटच्या. आणि १५ वॅटचे एलईडी दिवे. एकूण झाले ३६० वॅट. २३० व्होल्टच्या बाजूला प्रवाह किती? ३६० भागिले २३०, म्हणजे जेमतेम दीड अँपिअरच्या वर. बॅटरीच्या बाजूला मात्र ३६० भागिले १२, म्हणजे ३० अँपिअर! शिवाय इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, ती वेगळीच. म्हणून बॅटरीची वायर करंगळीएवढी आणि पंख्याची बारीक. काकांची चूक नव्हतीच!

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर सकाळी आठ वाजता तुम्ही कधी गेला आहात? माणसाला माणूस घासतं, घामाच्या धारा लागतात. बारीक वायरमध्ये जास्त प्रवाह घुसला की असंच होतं. ती तापते. आणि किती तापते त्याचा हिशेब मोठा मजेदार आहे. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट! हा नियम इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास प्रयोग करून शोधला. म्हणजे पंख्याच्या वायरमधून दीड अँपिअरऐवजी ३० अँपिअर सोडले, तर प्रवाह होईल सुमारे वीसपट, पण उष्णता होईल सुमारे चारशेपट!

"पण बाबा," मी विचारलं, "गाडीवर कुठे पंखे आणि ट्यूबलाइट होत्या? दोन दिवे आणि एक चिमुकला पंखा. त्यांना कितीसा प्रवाह लागणार?"

बाबा म्हणाले, "बरोबर. आधी तेवढा हिशेब कर, म्हणजे चोर सापडेल."

मी कागद घेतला. दोन दिवे १८-१८ वॅटचे, पंखा १२ वॅटचा. एकूण ४८ वॅट. ४८ भागिले १२, म्हणजे ४ अँपिअर. त्या गाडीवरची वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची होती. दुकानात तिला "अर्ध्याची वायर" म्हणतात. तांब्याची ती वायर साधारण ४ अँपिअर झेपवते. म्हणजे रोजचं काम ती कसंबसं, दमछाक होत, पण करत होती. मग त्या संध्याकाळी काय झालं?

झालं असं, की वायर गाडीच्या पत्र्याच्या कडेवरून गेली होती. गाडी रोज ढकलली जायची, रोज ती वायर पत्र्यावर घासायची. घासता घासता वरचं प्लॅस्टिक निघालं आणि आतली दोन्ही तांब्यं पत्र्याला टेकली. आता विजेला दिव्यापर्यंत जायची गरजच उरली नाही. तिला मधूनच घरी पळायची वाट सापडली! यालाच आपण शॉर्ट सर्किट म्हणतो. शाळेच्या पुस्तकात त्याला लघुपरिपथन म्हणतात.

अशा वेळी प्रवाह किती होतो? जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली याचा नियम पुस्तकात मांडला. (हे ओहम शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत, बरं का! आम्हा शिक्षकांना त्यांचा अभिमान वाटतो.) नियम असा, की व्होल्टला रोधाने भागलं की अँपिअर मिळतात. रोध म्हणजे वायरचा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात. बॅटरी ते पत्रा आणि परत, अशी सहा मीटर अर्ध्याची वायर धरली तर तिचा रोध होतो ०.२१ ओहम. १२ भागिले ०.२१ केलं, तर उत्तर येतं ५७. बॅटरीचा स्वतःचा थोडा अडथळा धरून म्हणू या, पन्नासेक अँपिअर. ४ अँपिअरच्या वायरमध्ये ५० अँपिअर! १२ गुणिले ५०, म्हणजे ६०० वॅट. कपड्याच्या इस्त्रीच्या जवळपास जाणारी उष्णता त्या काडीएवढ्या वायरमध्ये कोंडली गेली. मग ती लालबुंद होणार नाही तर काय?

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देऊ शकाल. १२ व्होल्टचा शॉक का लागत नाही? कारण आपल्या कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. त्यातून जाणारा प्रवाह इतका थोडा, की जाणवतही नाही. पण तांब्याच्या तारेचा रोध जवळजवळ नाहीच. तिच्यातून तीच १२ व्होल्टची बॅटरी धबधब्यासारखा प्रवाह सोडते. मोटारीची किंवा इन्व्हर्टरची मोठी बॅटरी तर जाड तारेतून शेकडो अँपिअर सोडू शकते. म्हणजे १२ व्होल्टची वीज आपल्या कातडीशी गरीब असते, तारेशी नाही!

बाबांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि रेल्वेची गोष्ट सांगितली. तुम्ही ठाण्याहून कल्याणला लोकलने जाता ना? ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, कुर्ल्यापर्यंत आपल्या देशातली पहिली विजेची गाडी धावली. ती धावली १५०० व्होल्टच्या डी. सी. विजेवर. डी. सी. म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, बॅटरीतल्यासारखी. पुढे ही वीज कल्याणपर्यंत आली, घाट चढून पुण्यापर्यंत गेली. डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये ठाकुर्लीला रेल्वेने कोळशावर चालणारं स्वतःचं वीजघर बांधलं. आम्ही त्याला चोळे पॉवर हाऊस म्हणतो. आता ते बंद आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी ते नाव अजून आहे.

"१५०० व्होल्ट म्हणजे तुला प्रचंड वाटतील," बाबा म्हणाले. "माणसाला ते प्रचंडच आहेत, जवळ फिरकायचंसुद्धा नाही. पण आख्ख्या लोकलला ओढायचं काम बघ, त्या मानाने ते थोडेच. समज, गाडी सुटताना ३० लाख वॅट लागले. १५०० व्होल्टला किती अँपिअर?"

मी भागाकार केला. २००० अँपिअर!

"आणि २५ हजार व्होल्टला?"

फक्त १२०.

"झालं तर मग! डबे तेवढेच, माणसं कमी. म्हणून तर वरच्या तारा बदलल्या."

पूर्वीच्या डी. सी. तारा जाड आणि वजनदार होत्या, आणि वीज पुरवणारी उपकेंद्रं थोड्या थोड्या अंतरावर बांधावी लागत. मग मुंबईच्या लोकलमार्गांवर टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टची ए. सी. वीज आली. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ साली पुरं झालं. मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरची शेवटची डी. सी. लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. ९१ वर्षं चाललेली डी. सी. तिथे थांबली. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या डब्यांतही हेच घडलं. दिव्यां-पंख्यांसाठी पूर्वी २४ व्होल्टची डी. सी. असे, पुढे ती ११० व्होल्टची झाली. व्होल्ट वाढले, अँपिअर उतरले, वायरी हलक्या झाल्या. वडापावची गाडी असो की झुकझुक गाडी, गणित एकच!

आता वायरची जाडी कशी ठरवायची ते पाहू. दोन प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न: वायरला हा प्रवाह झेपेल का? तांब्याची एकची वायर साधारण १० अँपिअर झेपवते, दीडची १४, अडीचची १९ आणि चारची २६. हे आकडे म्हणजे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर. वायरी एकत्र गुंडाळल्या किंवा गरम जागी ठेवल्या, तर त्या याहून कमी प्रवाह झेपवतात. म्हणून कंपनीचा तक्ता बघावा आणि हात जरा सैलच ठेवावा.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा आहे: वायर किती लांब आहे? आमच्या सोसायटीच्या गणपतीत मोठ्या मुलांनी मखराला १२ व्होल्टच्या एलईडीच्या पट्ट्या लावल्या. वीज गेली तरी बाप्पा अंधारात नकोत, म्हणून बॅटरी. ती ठेवली होती जिन्याखाली, मखरापासून दहा मीटरवर. पट्ट्या लागल्या, पण अगदी मलूल. मुलं म्हणाली, "बॅटरी उतरली." बॅटरी बदलली, तरी तेच! चोर होता वायरमध्ये. पट्ट्या ४८ वॅटच्या, म्हणजे ४ अँपिअर. वायर पाऊणची, ०.७५ चौरस मिलिमीटरची. ४ अँपिअर तिला झेपत होते, ती तापत नव्हती. पण दहा मीटर जायचं आणि दहा मीटर परत यायचं, म्हणजे झाली वीस मीटर. हे "परत यायचं" मोजायला बहुतेक जण विसरतात!

तांब्याच्या तारेचा रोध काढायची युक्ती अशी. एकूण लांबीच्या मीटरला ०.०१७५ ने गुणायचं आणि जाडीच्या चौरस मिलिमीटरने भागायचं. वीस मीटर पाऊणच्या वायरचा रोध येतो सुमारे ०.४७ ओहम. त्याला ४ अँपिअरने गुणलं की कळतं, वाटेत १.९ व्होल्ट हरवले. बारातले जवळजवळ दोन वाटेतच खर्च, पट्टीपर्यंत पोचले दहा! पगार घरी येईपर्यंत वाटेतच संपावा, तशी गत. अडीचची वायर लावली असती तर हरवले असते अर्ध्या व्होल्टहून थोडे जास्त. चारची लावली तर ०.३५, म्हणजे शंभरात तीन. मुलांनी अखेर बॅटरी मखरामागे आणून ठेवली. वायर दोन मीटरची झाली आणि पट्ट्या लख्ख पेटल्या. पैसा न खर्च करता! विशेष म्हणजे, २३० व्होल्टवर हेच काम असतं तर प्रवाह फक्त ०.२ अँपिअर आणि वाटेत हरवला असता एका व्होल्टचा दहावा भाग. कुणाला पत्ताही लागला नसता.

हीच गोष्ट तुमच्या घरच्या मोबाइलची. चार्जरमधून ५ व्होल्टची डी. सी. येते. लांबलचक, स्वस्तातली, बारीक तारेची केबल लावली की फोन रडतखडत चार्ज होतो. म्हणून भरभर चार्ज करणारे पुष्कळ चार्जर व्होल्ट वाढवून ९ किंवा त्याहून जास्त करतात. रेल्वेचीच युक्ती तुमच्या खिशात!

आता राहिला फ्यूज. पुस्तकात त्याला वितळतार म्हणतात. नाव किती छान आहे! ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह आला की ही तार स्वतः वितळते आणि वाट तोडते. पुष्कळांना वाटतं, फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी असतो. तसं नाही हो. बारा व्होल्टच्या कामात फ्यूज असतो मुख्यतः वायरला वाचवण्यासाठी. दिवा बिघडला तर शंभर रुपयांचा. वायर पेटली तर घर!

फ्यूज निवडायची युक्ती मी माझ्या वर्गात खेळ करून शिकवली. तीन मुलं उंचीप्रमाणे उभी केली. सगळ्यांत बुटका म्हणजे "काम", मधला म्हणजे "फ्यूज", उंच म्हणजे "वायर". हा क्रम कधी मोडायचा नाही. गाडीचं काम ४ अँपिअरचं. फ्यूज त्याहून थोडा मोठा, सव्वापट, म्हणजे ५ अँपिअरचा. वायर त्याहून मोठी, दीडची, १४ अँपिअरची. चार, पाच, चौदा! फ्यूज कामापेक्षा लहान असेल तर उगाच उडत राहील. वायरपेक्षा मोठा असेल तर आधी वायर पेटेल आणि फ्यूज गंमत बघत बसेल.

आणि फ्यूज लावायचा कुठे? सोसायटीचा वॉचमन कुठे बसतो? फाटकावर! तिसऱ्या मजल्यावर बसून काय उपयोग? तसाच फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी खेटून लावायचा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला वायरचा तुकडा राखायला कुणीच नसतं, म्हणून तो जितका आखूड तितका चांगला. शिवाय पॅकेटवर बघायचं की हा फ्यूज आणि बटण डी. सी. साठी चालतात ना. घरातली ए. सी. वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला तिला सवड मिळते. डी. सी. कधी शून्यावर येतच नाही, तिची ठिणगी चिवट असते.

मोटारींत वापरतात ते छोटे, दोन पात्यांचे फ्यूज तर रंगांनी ओळखू येतात. ५ अँपिअरचा फिकट तपकिरी, साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. रिक्षावाले काका किंवा गॅरेजवाले काका ओळखीचे असतील, तर त्यांना दाखवायला सांगा.

आता एक कळकळीचं सांगणं, आणि हे आई-बाबांनीही वाचावं. फ्यूज सारखा उडतो म्हणून काही जण त्या जागी जाड तार पिळून बसवतात. कुणी चॉकलेटची चांदी लावतं. "आता नाही उडत बघा!" असं वर हसून सांगतात. अहो, उडणार कसा? वॉचमनला हाकलून तुम्ही फाटक सताड उघडं टाकलंत की! फ्यूज उडतो तेव्हा तो तक्रार करत नसतो, निरोप देत असतो: आत काहीतरी बिघडलंय, आधी ते शोधा. तो निरोप आणणाऱ्याचं तोंड बांधू नका.

त्या हातगाडीचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. आम्ही वर्गात फळ्यावर सगळा हिशेब मांडला. चौथीच्या मुलांना लागले फक्त गुणाकार, भागाकार आणि दशांश चिन्ह! (दशांशाला मी थोडी मदत केली.) सहा मीटर दीडच्या वायरमध्ये वाटेत हरवतात ०.२८ व्होल्ट, हेही काढलं. मग त्या मुलीने तो कागद घरी नेला आणि ओळखीच्या वायरमन काकांनी त्याप्रमाणे काम केलं. दीडची तांब्याची वायर, बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज, पत्र्याच्या कडेवर रबरी नळीचा तुकडा आणि चिमट्याच्या जागी घट्ट पिळलेलं टोक. सैल जोड तापतो, म्हणून ते महत्त्वाचं. सगळा खर्च दोन-तीन दिवसांच्या चहा-पाण्याएवढा. फोड भरले, गाडी पुन्हा उभी राहिली. तिच्या बाबांनी तो कागद गाडीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला आहे.

तुम्ही मात्र स्वतः बॅटरीशी खेळायचं नाही, हं! बॅटरीची दोन टोकं कधीही तारेने, पान्याने, अंगठीने जोडायची नाहीत. वायर बदलायचं काम वायरमन काकांचं. तुमचं काम डोळ्यांचं आणि डोक्याचं. घरातल्या चार्जरवर, दिव्यावर, खेळण्यावर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. ते वाचा, वहीत लिहा, गुणाकार करून वॅट काढा. घरात कुठली वायर हाताला कोमट लागते का, कुठे प्लॅस्टिकचा करपट वास येतो का, हे मोठ्या माणसांना विचारा. दिवाळीच्या माळा लावताना, मखर सजवताना, सौर दिवा बसवताना विचारा: "याला फ्यूज आहे का? किती अँपिअरचा? बॅटरीच्या जवळ आहे ना?" मोठी माणसं क्षणभर चमकतील. चमकू द्या!

आणि जाता जाता एक उदाहरण. तेच ४८ वॅटचे दिवे १२ ऐवजी २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालवले, तर प्रवाह किती? फ्यूज साधारण केवढा लागेल? तीच वायर ठेवली तर तिच्यातली उष्णता किती पटीने उतरेल? उत्तर मला पाठवू नका. रात्री जेवताना आई-बाबांना पटवून द्या. त्यांना पटलं की समजा, तुम्हाला शंभरपैकी शंभर!